टाकीचं धुवण

टँकरवाल्या ताईला भाऊ एकच होता, आणि तोही नसता तर बरं झालं असतं असं ती दिवसातून एकदा तरी त्याच्या तोंडावर म्हणायची. तिशी उलटलेला बाप्या. बहिणीच्या घरात राहायचा, बहिणीच्या हातचं गिळायचा आणि ताट तिथंच टाकून शीळ घालत बाहेर पडायचा. म्हणून सगळी वस्ती त्याला पाहुणा म्हणे. त्याला त्याचा राग नव्हता. "पाहुण्याला मान असतो," तो म्हणायचा, "घरच्याला काय असतं? काम."

टँकर वडिलांचा. वडील गेले तेव्हा पाहुण्यानं टँकर विकून टाकू म्हटलं होतं आणि ताईनं त्याला पायातली चप्पल काढून दाखवली होती. तेव्हापासून ती स्वतःच चालवायची. लांबच्या तलावावरून पाणी भरायचं, वस्तीत आणून वाटायचं, संध्याकाळी कंबर धरून झोपायचं. लग्न जमवायला आलेले लोक तिचे हात बघून चहा न पिताच जायचे. ती म्हणायची, सुंठीवाचून खोकला गेला.

वडिलांनी दोघांनाही टाकी धुवायला शिकवलं होतं. त्यात दोन गोष्टी पक्क्या होत्या. पहिली, आत उतरलेल्या माणसानं पान्यानं पत्र्यावर ठोकत राहायचं. उन्हात टाकी तव्यासारखी तापते, माणूस घेरी येऊन आडवा होतो आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून आतल्यानं ठोकायचं, बाहेरच्यानं ऐकायचं, आणि ठोक थांबली की विचारत बसायचं नाही, दोर ओढायचा. दुसरी गोष्ट, धुवण फेकायचं नाही. ज्या मुलखात आंघोळीचं पाणी झाडाला आणि भांड्याचं कोंबडीला जातं, तिथं टाकीभर फिरवलेलं पाणी मातीत ओतणाऱ्याला लोक वेडा म्हणतील. ते रस्त्याकडेच्या हौदात सोडायचं, म्हणजे येणारी जाणारी जनावरं पितात. मेंढपाळाचा कळप तर त्या धुवणावरच तगून होता.

पूर्वी विहिरी होत्या. मग चामड्याचा कारखाना आला. आधी पाणी मचूळ लागायला लागलं, मग ते चहाच्या रंगाचं झालं, मग बादली आपटली की फेस यायला लागला. ज्यांना जमलं ते वस्ती सोडून गेले. ज्यांना जमलं नाही ते टँकरचं पाणी घ्यायला लागले. म्हणजे कारखान्यानं विहिरी नासवल्या म्हणून ताईची चूल पेटत होती. हे तिला कळत होतं आणि आवडत नव्हतं. पण न आवडणाऱ्या गोष्टींवरच जगातली निम्मी घरं चालतात.

त्या दिवशी ताईची कंबर धरली होती. पाहुणा सकाळी उजाडायच्या आत उठला, तोंड धुतलं आणि म्हणाला, "तू पडून राहा. आजची खेप मी आणतो." सूर्य पश्चिमेला उगवला असता तरी ताईला इतकं नवल वाटलं नसतं. तिनं विचारायला हवं होतं की बाबा, आजच कसा उजेड पडला? पण कंबर दुखत असली की माणूस चांगल्या गोष्टीची चौकशी करत नाही. ती कूस बदलून झोपली.

उन्हं चढल्यावर तो टँकर घेऊन परत आला. टाकी रिकामीच होती. तलावावर वीज गेली, दुपारून भरतो म्हणाला आणि जेवायला बसला. आज त्यानं ताट उचलून मोरीत ठेवलं. तेव्हाही ताईच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

लांबून आरडाओरडा आला तेव्हा तो अंगणात हात पुसत उभा होता. कुंपणाच्या भिंतीवरून त्यानं पाहिलं आणि आत आला तो पांढराफटक पडूनच.

"ताई, मला लपव."

"काय झालं?"

"मेंढपाळ येतोय. सगळे येतायत. काठ्या घेऊन."

ताई कंबर विसरून बाहेर आली आणि टँकरच्या शिडीवर चढली. वरून हौद दिसत होता. हौदाभोवती मेंढ्या पडल्या होत्या. काही गप्प होत्या, काही पाय झाडत होत्या. एक बकरा पुढचे पाय टेकून उठायचा, गुडघ्यावर यायचा आणि पुन्हा तोंडावर पडायचा. त्याच्या नाकातून लाल फेस गळत होता. एक बाई त्यांच्यातून धावत होती आणि एकेकीचं डोकं उचलून सोडून देत होती. रस्त्यानं मेंढपाळ आणि त्याचे दोन भाऊ येत होते. ते धावत नव्हते. भरभर चालत होते, आणि ते जास्त वाईट होतं.

ती खाली उतरली आणि पाहुण्याच्या कानाखाली वाजवली.

"काय ओतलंस हौदात?"

"धुवण. नेहमीसारखं धुवण. वाया कशाला घालवायचं म्हणून."

"टाकीत काय होतं?"

"पाणी."

"काय होतं टाकीत?"

"पाणीच गं, शपथ. त्यांना रोग झाला असेल. मला काय ठाऊक?"

लहानपणापासून तो खोटं बोलताना सरळ डोळ्यांत बघायचा आणि खरं बोलताना जमिनीकडं. आता तो सरळ तिच्या डोळ्यांत बघत होता. पण खरंखोटं करायला वेळ नव्हता. मागच्या उन्हाळ्यात एका चोरानं या मेंढपाळांची एक मेंढी नेली होती. त्यांनी त्याला पकडून दोन्ही गुडघे दगडानं फोडले, आणि तो अजून बाजारात ढुंगण घासत हिंडतो. तो हिशोब एका मेंढीचा होता. इथं अख्खा कळप लोळत होता. पाहुणा त्यांच्या हाती लागला तर संध्याकाळपर्यंत त्याचं काही शिल्लक राहणार नाही, हे ताईला स्वच्छ दिसत होतं.

घरात एक खोली आणि एक चूल. लपायला एक खाट, तिच्याखालून पलीकडची भिंत दिसते. ताईनं टँकरकडं पाहिलं.

"चढ वर. टाकीत जा."

तो चढला. मागोमाग चढून तिनं पान्यानं झाकणाचा नट सैल केला, झाकण उचललं तसा आतून कुजका वास आला. सडलेल्या अंड्यासारखा. क्षणभर ती थबकली. पण दुष्काळात पाण्याला वास असतोच. बिनवासाचं पाणी पाहिलं की आता लोकांनाच संशय येई. आणि विष म्हणजे पिण्याची गोष्ट, एवढंच त्या घराला ठाऊक होतं. टाकीत पिण्यासारखं काही नव्हतं. तळाला थोडा गाळ तेवढा चमकत होता.

"ऐक," ती म्हणाली. "आज ठोकायचं नाही. काय वाटेल ते होऊ दे, मी झाकण उघडेपर्यंत आतून आवाज येता कामा नये."

"आणि तू?"

"माझं मी बघते. आयुष्यात एकदा तरी माझं ऐक."

पाहुणा भोकात कमरेपर्यंत उतरला होता. तशातही हसला. "एकदाच हं," म्हणाला आणि आत गेला. त्याचे पाय गाळात पडल्याचा चबक आवाज आला. ताईनं झाकण लावलं, नट आवळला आणि पाना कमरेला खोचला.

मेंढपाळ फाटकातून आत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर मेलेलं कोकरू होतं. ते त्यानं ताईच्या पायांवर टाकलं. ते अजून गरम होतं.

"कुठंय तो?"

"नाही घरी."

"टँकर घरी आहे आणि तो नाही?"

"टँकर ठेवला आणि गेला. कुठं गेला मला सांगून जातो का तो कधी? दादा, तुला माहीत आहे त्याची तऱ्हा."

"मला आता एवढंच माहीत आहे की माझ्याकडं उद्या हाकायला काही नाही," मेंढपाळ म्हणाला. मोठ्यानं नाही बोलला. मग त्यानं भावांना मानेनं खूण केली आणि ते घरात शिरले.

आतून आधी मडकी फुटल्याचा आवाज आला. ताईच्या घरातलं पिण्याचं पाणी उंबऱ्यावरून वाहत अंगणात आलं आणि मातीत गेलं. ते पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटा भाऊ दारातून बाहेर पडत होता, तिनं केबिनमधून जॅकचा दांडा ओढला आणि त्याच्या तोंडावर घातला. दात तुटल्याचं तिला दांड्यातून हाताला कळलं. तो तोंड धरून खाली बसला, बोटांतून रक्त गळायला लागलं. मधल्यानं पाठीमागून तिच्या कमरेत लाथ घातली, दुखऱ्या कमरेतच. ती गुडघ्यावर आली तरी दांडा सोडेना. मग मेंढपाळानं काठी दोन्ही हातांनी उचलून तिच्या डाव्या मनगटावर आणली. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि हात भलत्याच बाजूला वळला.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर पाहुणा झाकणाला धडका देत बाहेर आला असता. तेवढा तो चांगला होता.

एव्हाना मेंढपाळाची बायको येऊन पोचली होती. तिनं ताईचे केस मुठीत धरले आणि चेहरा वर केला. तिच्या हातांना मेंढ्यांच्या तोंडातला फेस लागलेला होता.

"कारखान्याच्या फाटकातून तुझा टँकर बाहेर पडताना मी पाहिलाय सकाळी. तुझा भाऊ चालवत होता. मला हात केला त्यानं. हसून हात केला." तिचा आवाज फाटला. "त्यांची घाण भरून नेली आणि धुवण माझ्या जनावरांना पाजलं. आणि दुपारी ह्याच टाकीतनं माझ्या पोरांना पाणी देणार होतात ना?"

ताईला आता सगळं जुळलं. म्हणजे हे होतं. नाल्यात घाण सोडताना लोकांनी फोटो काढले होते, गवगवा झाला होता, म्हणून कारखान्याला आता घाण लांब नेऊन ओतायला टँकर हवा होता आणि त्यांना पाहुणा सापडला. मेंढ्या मेल्या नसत्या तर दुपारी घागरी घेऊन बायका रांगेत उभ्या राहिल्या असत्या आणि तिनंच कॉक सोडला असता. तिला भावाचा इतका संताप आला की त्याला स्वतः बाहेर काढून यांच्या पुढ्यात टाकावं असं वाटलं. खरंच वाटलं. पण वाटणं वेगळं आणि टाकणं वेगळं. तो टाकीत काही पिणार नाहीये, एवढा एकच विचार करून तिनं स्वतःला आवरलं.

"नाही घरी," ती पुन्हा म्हणाली.

मेंढपाळानं टँकरची काच फोडली. मधल्यानं दिवे फोडले. मग दोघंही टाकीवर काठ्या घालायला लागले, जणू त्या टाकीनंच मेंढ्या मारल्या होत्या. अंगण दणाणून गेलं. प्रत्येक दणक्याला ताई टाकीकडं कान देत होती. आता तो ओरडेल, आता तो हलेल. पण आतून हूं नाही की चूं नाही. घाबरट, बडबड्या, साधा काटा रुतला तर वस्ती गोळा करणारा तिचा भाऊ दगडासारखा गप्प बसला होता. धुळीत पडल्या पडल्या तिला त्याचा अभिमान वाटला. शाबास रे माझ्या पाहुण्या, ती मनात म्हणाली, आज खरा बापाचा मुलगा शोभलास.

आणि टाकीत फोन वाजला.

काठ्या थांबल्या. पोकळ टाकीत ते लग्नाच्या वरातीतलं गाणं घुमत होतं. वर्षभर ताईनं त्या गाण्यासाठी त्याला शिव्या घातल्या होत्या. मेंढपाळानं टाकीकडं पाहिलं, मग ताईकडं, आणि शिडीवर पाय ठेवला.

ताईनं त्याचा दुसरा पाय धरला. एका हातानं धरता येईना म्हणून पोटरीत दात रोवले. त्यानं लाथ झाडली, ती तिच्या डोळ्याखाली बसली, तरी दात सुटेनात. मधल्या भावानं पाठीत काठी घातली तेव्हा सुटले. गाणं बंद झालं. मग पुन्हा सुरू झालं.

पाहुणा मूर्ख होता, पण इतका नव्हता. फोन पहिल्यांदा वाजला तेव्हाच त्यानं बंद केला असता. आता तर सगळं उघडं पडलं होतं, मग हा वाजू का देतोय? गाणं पूर्ण वाजत होतं आणि आत कुणी हलत नव्हतं.

"ठोक!" ती ओरडली. "ठोक रे! आता ठोक, मी सांगतेय ना!"

सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिला वेड लागलं असंच त्यांना वाटलं असणार.

"ऐकतोस ना? ठोक एकदा!"

गाणं संपलं. टाकीतून ठोक आली नाही.

कमरेचा पाना काढून तिनं तो मेंढपाळाच्या अंगावर फेकला. "उघड. लवकर उघड. हवं तर मारा त्याला, पण उघड."

त्यानं नट फिरवला, झाकण उलटं केलं, आत वाकला आणि तसाच मागं कोसळला. शिडीवरून घसरून जमिनीवर आपटला, खोकायला लागला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. तोवर ताई शिडी चढली होती, मोडका हात लोंबत असताना. वरून तिला पाहुण्याची पाठ दिसली. गाळात गुडघे टेकून तो टाकीच्या भिंतीला डोकं लावून बसला होता, लहानपणी शाळेत शिक्षा झाली की बसायचा तसा. तिनं श्वास धरला आणि पाय भोकात सोडले.

कुणीतरी तिला केसांना धरून बाहेर खेचलं. मेंढपाळ. दोघंही वरून खाली पडली. ती त्याला चावली, डोकं त्याच्या नाकावर हाणलं, तेव्हा तो तिच्या छातीवर बसला आणि तिचा चांगला हात गुडघ्याखाली दाबला. त्याच्या नाकातलं रक्त तिच्या तोंडावर पडत होतं.

"सोड! मरतोय तो आत!"

"मेलाय तो, बाई," मेंढपाळ म्हणाला. "आता तू जाशील. नुसता वास घेऊन मी पडलो. तुला काढायला मग कोण उतरेल?"

"मी सांगितलं त्याला," ती म्हणाली. "मी त्याला ठोकू नको म्हणाले."

मेंढपाळाला त्यातलं काही कळलं नाही. पण तो उठलाही नाही. थोड्या वेळापूर्वी ज्या हातांनी तिचं मनगट मोडलं, त्याच हातांनी तिला धरून बसला. झाडाचा पाला ओढायची त्यांची लांब आकडी मधल्या भावानं आणली. तोंडाला फडकं बांधून दोघं भाऊ टाकीवर चढले, पाहुण्याच्या शर्टाच्या गळ्यात आकडी अडकवली आणि विहिरीतली बादली ओढतात तसं त्याला खालून वर ओढून काढलं. मग अंगणात ठेवलं, कोकराच्या शेजारी.

त्याच्या पायजम्याला पोटरीपर्यंत हिरवट काळा गाळ लागला होता. चेहऱ्यावर फार काही नव्हतं. डाव्या मनगटावर रुमाल गच्च बांधलेला होता. जखम असेल म्हणून ताईनं दातांनी गाठ सोडली. रुमालाखाली जखम नव्हती, घड्याळ होतं. त्याचं ते स्टीलच्या पट्ट्याचं, मिरवायचं घड्याळ. पत्र्याला लागून आवाज होऊ नये म्हणून त्यानं त्याला रुमाल गुंडाळला होता. फोन मात्र बंद करायचा विसरला.

एकदाच हं, म्हणाला होता. आणि एकदा ऐकलं ते असं.

ताई तेव्हा रडली. तोंड उघडं टाकून, लाज न धरता रडली. मेंढपाळाची बायको जवळ येऊन बसली. तिनं ताईला हात लावला नाही, पण पाहुण्याच्या तोंडावरच्या माश्या पदरानं हाकलायला लागली.

तेवढ्यात त्याच्या खिशात पुन्हा गाणं वाजलं. ताईनं उजव्या हातानं फोन काढला आणि कानाला लावला.

"अरे पाहुण्या, कितीदा फोन करायचा?" कारखान्याचा मुकादम होता. "इकडं खड्डा काठोकाठ भरलाय. दुसरी खेप कधी नेतोस? आणि सकाळसारखा लांब नको जाऊस, कोरड्या ओढ्यात दे सोडून. कोण बघतंय?"

"काय आहे त्या खड्ड्यात?" ताईनं विचारलं.

"कोण बोलतंय?"

"त्याची बहीण. टँकर माझा आहे."

"असं होय," मुकादमाचा आवाज गोड झाला. "काही नाही हो ताई, नुसतं खारं पाणी. त्यालाही सांगितलंय मी. माणूस पोहला तरी काही होत नाही."

"पोहला तरी."

"अगदी. बिनधास्त."

"बरं," ताई म्हणाली. "येते घेऊन. तुम्हीच थांबा फाटकापाशी."

फोन ठेवून ती उठली. मेंढपाळाकडं वळली.

"कारखान्याचा मुकादम म्हणतो, त्यांच्या खड्ड्यात पोहता येतं," ती म्हणाली. "त्याला पोहायला सोडायचंय."

मेंढपाळानं हौदाकडं पाहिलं. तिथं आता काही हलत नव्हतं. त्यानं नाक पुसलं, काठी उचलली आणि भावांना म्हणाला, "वर बसा. आकडी घ्या." मग बायकोला म्हणाला, "तू ह्याच्यापाशी थांब. एकटा ठेवू नको."

ताई केबिनमध्ये चढली. सीटवरच्या काचा तिनं हातानं झाडल्या. डावा हात मांडीवर पडून होता, सुजून भाकरीएवढा झालेला. स्टिअरिंग एका हातानं निभावेल, पण गिअरला हात कुठून आणायचा? मेंढपाळ दुसऱ्या बाजूनं चढून शेजारी बसला, त्या हाताकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

"मला गाडीतलं काही कळत नाही," तो म्हणाला.

"तो दांडा धर. मी सांगेन तसा ओढ."

तिनं चावी फिरवली. इंजिन धरलं. तेवढ्यात मागून टाकीवर ठोक आली. पत्र्यावरची, सरळ, एकापाठोपाठ एक.

ताईनं इंजिन बंद केलं आणि कान दिला. तिचं सगळं अंग मागं वळलं, तोंडातून त्याचं नाव निघायचं बाकी होतं. मेंढपाळानं खिडकीबाहेर डोकं काढून पाहिलं.

"भाऊ आहेत," तो हळू म्हणाला. "वर बसलेत. निघा म्हणून ठोकतायत."

मग तिनं पुन्हा चावी फिरवली.

"पहिला टाक," ती म्हणाली.